एका छातीचे नऊ कागद

सोमेशला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, कारण तो कोणाच्या चेहऱ्याकडे फारसा पाहतच नसे. नेसरीहून कोल्हापुरात येऊन त्याला चार वर्षे झाली होती. राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात तो ईसीजी काढण्याचे काम करी. माणूस येई, शर्ट काढून पलंगावर आडवा होई. सोमेश त्याच्या हातापायांना चिमटे लावी, छातीवर जेल चोपडून सहा रबरी फुगे चिकटवी आणि मग मान खाली घालून यंत्रातून सरकत येणारा गुलाबी कागद पाहत राही. बोलण्याची गरज पडत नसे. ‘श्वास नेहमीसारखा घ्या’ एवढे एक वाक्य त्याला दिवसभर पुरे. त्या कागदावरच्या रेषांशी मात्र त्याची मैत्री होती. त्या खोटे बोलत नाहीत, असे त्याला त्या गुरुवारपर्यंत वाटत होते.

यंदा फुटबॉलच्या हंगामाआधी एक नवी अट आली होती. गेल्या वर्षी दुसऱ्या एका पेठेच्या संघातला एकवीस वर्षांचा मुलगा सरावात धावता धावता खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. चौकाचौकांत त्याचे हसरे फलक लागले, त्याच्या नावाने एक चषक सुरू झाला, आणि स्पर्धेच्या संयोजकांनी ठरवले की यापुढे ईसीजी आणि डॉक्टरांच्या सहीचा दाखला दिल्याशिवाय कोणीही मैदानात उतरायचे नाही. अट चांगली होती. तिचे काय करायचे, हेही पेठेला चांगलेच ठाऊक होते.

पेठेतल्या, एके काळी कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीसाठी नाव असलेल्या एका तालमीचा आता फुटबॉलचा संघ होता, आणि संघाचे व्यवस्थापन जोतीराम नावाच्या, पोट पुढे आलेल्या, मोठ्या आवाजाच्या गृहस्थाकडे होते. त्यांनी तालमीच्या माडीवर तपासणीचे शिबिर भरवले. जिन्यावर डॉक्टर उदयसिंहांचे छायाचित्र असलेला फलक, टेबलावर फेटा, शाल, नारळ, वडे आणि चहा. डॉक्टर सोमेशचे मालक. ते खुर्चीत बसून वडा खात होते आणि दुसऱ्या हाताने दाखल्यांवर सह्या करीत होते. एकाही मुलाच्या अंगाला तोवर चिमटा लागलेला नव्हता. ‘हृदयाची तपासणी केली असून खेळण्यास योग्य’ या छापील ओळीवर एका दाखल्यात तेलाचा डाग पसरत चालला होता. सोमेशने तो पाहिला आणि नेहमीप्रमाणे यंत्राची वायर सोडवू लागला.

दुपारपर्यंत सोळा मुले झाली. संघ चोवीसचा. उरलेले आठ जण कामावर होते. कोणी शिरोलीच्या फौंड्रीत पहिल्या पाळीला, कोणी गुजरीत सोनाराकडे, कोणी गॅसच्या गाडीवर. कर्णधार कृष्णातचा फोनच लागत नव्हता. सोमेशने यंत्राची वायर गुंडाळायला घेतली, तेव्हा जोतीरामांनी पडद्याआड डोके घातले.

“पावणं, आवरताय काय? आठ ऱ्हायलीत की.”

ते आल्यावर दवाखान्यात पाठवा, असे सोमेश म्हणाला. निदान तसे म्हणायला त्याने तोंड उघडले. जोतीरामांनी ते पूर्ण होऊ दिले नाही.

“आता एकेकाला कुठनं गोळा करू? ह्यो आदर्श हाय की. ह्येलाच झोपवा परत. मशिनीत नाव तेवढं बदला.”

आदर्श संघातला सर्वांत धाकटा, एकोणीस वर्षांचा, आयटीआयला शिकणारा. अंगाने सडसडीत, छातीवर एक केस नाही. त्यामुळे फुगे पटकन चिकटत आणि रेषा स्वच्छ येत. त्याचा स्वतःचा कागद मघाशीच निघाला होता आणि वर यंत्राने इंग्रजीत ‘नॉर्मल’ छापले होते. तो हसत पलंगावर येऊन पडला, जणू कोणाच्या गाडीला धक्का मारायला बोलावले आहे.

“काढा ओ दादा,” तो म्हणाला. “दोस्तांसाठी एवढं बी करायचं न्हाय व्हय?”

तालमीची ही रीतच होती. एकाच्या घरी लग्न तर चोवीस जण वाढपी, एकाचे भांडण तर चोवीस जणांचे. कोणाच्या ऐवजी कोणी हजेरी देणे, उपास धरणे, पोलीस चौकीत जाऊन बसणे, हे सारे तिथे प्रेमात मोडत असे. आज हृदय उसने देण्याची पाळी आली, एवढेच. सोमेशला नाही म्हणायचे होते. नाही म्हणण्यासाठी मान वर करावी लागते, आवाज काढावा लागतो, पडद्यापलीकडे चाललेले हसणे थांबवावे लागते. त्याने मान खाली घातली आणि यंत्रात एका बोटाने नाव टाकले : कृष्णात, वय चोवीस.

आठ वेळा फुगे चिकटले आणि आठ वेळा निघाले. प्रत्येक वेळी कातडीवर लाल वर्तुळे उमटत गेली. एकावर एक, एकात एक. शेवटी त्या कोवळ्या छातीवर जळवा लावून काढल्यासारखे दिसू लागले. जेल सुकून त्याचे पांढरे पापुद्रे झाले होते. आदर्शने शर्टानेच ते पुसले आणि वडा खायला गेला. समारोपात डॉक्टरांना फेटा बांधला गेला, टाळ्या झाल्या, आणि सोमेशच्या हातातही कोणीतरी एक नारळ कोंबला. छायाचित्रात तो अर्धाच आला.

दवाखान्यात परतल्यावर चार वाजता तो कागद कापून एकेका पुठ्ठ्यावर चिकटवायला बसला. आदर्शच्या छातीचे नऊ कागद त्याने टेबलावर ओळीने मांडले. एक आदर्शच्या नावाचा, आठ इतरांच्या. पाहता पाहता त्याचा गोंदाचा हात थांबला.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यानंतर कागदावर एक गोलसर टेकडी उमटते. ठोका देऊन दमलेले हृदय त्या टेकडीच्या आडोशाला पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होत असते. आदर्शच्या कागदावर ती टेकडी एक नव्हती. तिच्या उतारावर आणखी एक लहानशी टेकडी होती, बसकी, लाजरी, झाडीत दडलेल्या देवळासारखी. एका कागदावर ती कोणाच्याही नजरेतून निसटली असती. सकाळी त्याच्याच नजरेतून निसटली होती. नऊ कागदांवर, एकाच ठिकाणी, नऊ वेळा आलेली ती टेकडी आता निसटत नव्हती. यंत्राने पहिल्या टेकडीपाशीच मोजणी थांबवून सर्व ठीक म्हटले होते. सोमेशने डिव्हायडर घेतला आणि दुसऱ्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत मोजले. आकडा असायला हवा त्याहून पुष्कळ मोठा आला. त्याने नऊही कागद मोजले. आकडा हलला नाही.

शिकत असताना बाईंनी हीच जोडटेकडी एकदा फळ्यावर काढून दाखवली होती. असे हृदय सज्ज व्हायला फार वेळ घेते, त्या म्हणाल्या होत्या; त्या वेळात एखादा मोठा आवाज झाला, माणूस दचकला, तर ठोक्यांची लय मोडू शकते आणि हसतेखेळते पोर उभ्या जागी जाते. पुष्कळदा हे घराण्यातून येते. वेळेवर कळले तर रोजची गोळी आणि थोडी जपणूक यांवर बहुतेकांचे आयुष्य नीट जाते. वेळेवर कळले तर, हे शब्द बाईंनी दोनदा उच्चारले होते.

रविवारी सामना होता. कोल्हापुरातला सामना म्हणजे हलगी, शिट्ट्या आणि गोल झाला की फटाक्यांची माळ.

तो कागद घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेला. फेट्याची घडी टेबलाच्या कोपऱ्यावर होती. कागद कोणाचा, असे त्यांनी विचारले. आदर्शचा, तो म्हणाला.

“नाव काय लिहिलंय त्याच्यावर?”

त्याने घाईत हाताला येईल तो कागद उचलला होता. त्यावर कृष्णातचे नाव होते.

डॉक्टर हसले. मग त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला, आणि नखाने त्या टेकड्यांवरून एकदा सावकाश रेघ ओढली. त्यांचे नख दुसऱ्या टेकडीच्या पायथ्याशी क्षणभर थांबले. सोमेशने ते थांबणे पाहिले. त्यांना कळले होते. वीस वर्षांचा अनुभव होता त्यांना. त्यांना एकाच कागदावरून कळले होते. त्यांनी कागद टेबलावर पालथा ठेवला.

“मशीन नॉर्मल म्हणतंय,” ते म्हणाले. “हंगाम संपू दे. मग बोलावू त्याला, शांतपणे.”

पुढचे ते मृदू आवाजात, समजावणीच्या सुरात बोलले. एकाचा कागद चुकीचा म्हटला तर आठ जणांचे बाहेर येणार. ज्याने आठ वेळा नाव बदलले त्याचेही येणार. तू नेसरीचा साधा मुलगा आहेस, आईला पैसे पाठवतोस, कशाला उगाच. त्यांच्या मिशीत वड्याचा एक कण अडकला होता आणि बोलताना तो हलत होता. सोमेश त्या कणाकडे पाहत राहिला. पालथा कागद उचलून तो बाहेर आला आणि त्याने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. जेलचा वास गेला नाही. किळस डॉक्टरांची होती, हे खरे. पण हाताला जो वास येत होता तो त्याचाच होता. नाव टाकणारे बोट त्याचेच होते.

शुक्रवारी सकाळी तो आदर्शच्या घरी गेला. पेठेतले दोन खोल्यांचे घर, दारात सायकल, आत शिवणयंत्र. आदर्श आयटीआयला गेला होता. त्याची आई वर्षाराणी ब्लाउज शिवीत होती आणि सोळा वर्षांची बहीण राजनंदिनी काज करीत बसली होती. सोमेशने आपण कोण ते सांगितले आणि मग, चेहऱ्याकडे न पाहता, घाबरवायला आलो नाही असे दोनदा म्हणून, एकच विचारले : आदर्श कधी चक्कर येऊन पडला होता का?

शिवणयंत्राचे चाक थांबले.

“चक्कर न्हाय,” वर्षाराणी म्हणाल्या. “अंगात आलतं.”

त्यांनी सांगितले ते असे. बारा वर्षांचा होता. जोतिबाच्या डोंगरावर पालखी निघाली, सलामीची तोफ उडाली आणि पोरगे धाडकन खाली पडले; डोळे पांढरे, हातपाय ताठ. बायका म्हणाल्या, देव आला. कोणी त्याच्यावर गुलाल उधळला, कोणी नारळ फोडला. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले तेव्हा भोवती रांग लागली होती.

“लोकं पाया पडत हुती त्येच्या,” त्या म्हणाल्या. “मी बी पडले.”

ते वाक्य त्यांनी फार हळू उच्चारले. नंतर त्या आपल्या धाकट्या बहिणीविषयी बोलू लागल्या, कोणी विचारले नसताना. बारावीची परीक्षा होती. पहाटे उठायचे म्हणून तिने उशाशी गजर लावला होता. गजर वाजत राहिला, ती उठली नाही. फिट आली असेल, असे गावात ठरले. पुढे घरात कोणी घड्याळाला गजर लावला नाही. का लावत नाही, हे मुलांना कोणी सांगितले नाही.

सोमेशने खिशातून कागद काढला आणि शिवणयंत्राच्या फळीवर, दोऱ्याच्या रिळांमध्ये पसरला. ती लहान टेकडी त्याने बोटाने दाखवली. मी डॉक्टर नव्हे, तो म्हणाला. खात्री मोठ्या डॉक्टरांनीच करायची. पण तोवर त्याला धावू देऊ नका, आणि मुलांचा, दोघांचाही, ईसीजी काढा. दोघांचा, हा शब्द ऐकताच वर्षाराणींनी मुलीला आत जायला सांगितले. ती आत गेली आणि पडद्यामागेच उभी राहिली. तिची पावले दिसत होती.

“पोरीचं नाव ह्यात आणू नका,” वर्षाराणी म्हणाल्या. “उद्या स्थळं बघायची हायत.”

दुपारी आदर्शचा फोन आला. तो संतापला होता आणि त्याहून अधिक दुखावला होता. “मला रविवारी पहिल्यांदा पहिल्या अकरात घेतलंय. माझं चांगलं हाय म्हणून आठ जणास्नी दिलंसा, आन आता मलाच न्हाय म्हणताय?” सोमेश म्हणाला, चूक माझी आहे. आदर्शने फोन बंद केला. पाच मिनिटांत जोतीरामांचा आला. त्यांनी आधी पावणं म्हटले, मग भावा म्हटले, आणि शेवटी जे म्हटले ते लिहिण्यासारखे नाही.

शनिवारी सकाळी सोमेशने नऊ कागद एका लिफाफ्यात घातले आणि स्पर्धेच्या संयोजकांच्या कार्यालयाच्या पायऱ्या चढला. आयुष्यात प्रथमच तो अनोळखी माणसांनी भरलेल्या खोलीत आपण होऊन बोलला. त्याने काही सजवले नाही. हे नऊ कागद एकाच माणसाच्या छातीवरून घेतलेले आहेत. ते मी घेतले. आठ जणांची तपासणी झालेलीच नाही. आणि ज्याची झाली आहे त्याने खेळू नये. डॉक्टरांनी सह्या आधीच केल्या होत्या, हेही त्याने सांगितले. खोलीत चहा पिणारे हात थांबले. कोणीतरी विचारले, मग आत्ता कशाला सांगतोस? त्या प्रश्नातला वैताग खरा होता. उद्याच्या सामन्याची सर्व तयारी झाली होती. लेखी द्या, संयोजक म्हणाले. त्याने लिहून दिले आणि खाली सही केली. अक्षर वेडेवाकडे आले.

संध्याकाळपर्यंत तालमीचा संघ रविवारच्या सामन्यातून बाद झाला. डॉक्टरांनी त्याला फोनवरच कामावरून काढले आणि दाखल्यांवरच्या सह्या आपल्या नव्हेत, असे संयोजकांना कळवले. पेठेच्या व्हॉट्सअॅप गटावर सोमेशचे ते अर्धे छायाचित्र फिरू लागले. हातात नारळ, खाली ‘गद्दार’. ज्यांच्या पोरांची हृदये कोणी पाहिलीच नव्हती, त्या बापांनीही तो शब्द पुढे पाठवला. कोणालाही, अगदी एकालाही, आपल्या मुलाचा कागद नेमका कुठे आहे असे विचारावेसे वाटले नाही. आदल्या दिवशीपर्यंत सोमेशला माणसांची भीती वाटे. आता वाटत होती ती शिसारी, आणि तिच्यात तो स्वतःला वगळू शकत नव्हता. नेसरीहून अव्वाने, त्याच्या आईने, फोनवर जेवलास का म्हणून विचारले. जेवलो, तो म्हणाला. नारळ कोपऱ्यात पडला होता. तो फोडून खाणे त्याच्याने झाले नाही.

रविवारी चार वाजता प्रतिस्पर्धी संघाला न खेळताच पुढे चाल मिळाली आणि त्यांच्या मुलांनी फटाक्यांची लांब माळ लावली. खोलीत बसून सोमेशने ती शेवटपर्यंत ऐकली. काहीच घडले नाही. त्याला वाटले, आपण ज्यासाठी हे केले त्याचे रूप हेच आहे : एक दुपार, जिच्यात काही घडले नाही. ती कोणाला दाखवता येणार नाही. गेलेल्या मुलाचा फलक लागतो. न गेलेल्याचा कोण लावणार?

सोमवारी अनोळखी क्रमांकावरून फोन आला. बोलणारी राजनंदिनी होती.

“कालच्या फटाक्याला दादा दचकून भिंतीला टेकला,” ती म्हणाली. “पडला न्हाय. पर आईनं बघितलं. कुठं यायचं सांगा.”

मंगळवारी ते चौघे सरकारी रुग्णालयात गेले. रिक्षात आदर्शने तोंड बाहेर वळवले होते. ईसीजीच्या खोलीत मोना नावाची तंत्रज्ञ होती, चटपटीत, जोरात बोलणारी. तिने आदर्शला शर्ट काढायला सांगितले आणि छातीकडे पाहून विचारले, हे काय, कोणी डागलंय का तुला? लाल वर्तुळे आता पिवळसर झाली होती. तिने यंत्रापाशी बसून नाव विचारले.

आदर्शने छताकडे पाहिले. मग दाराशी उभ्या सोमेशकडे पाहिले.

“आदर्शच लिवा,” तो म्हणाला. “ह्या खेपेला माझंच हाय.”

कागद सरकत आला. टेकडी होती. आतल्या डॉक्टरीणबाईंनी आकडे पुन्हा मोजले, जोतिबाची तोफ आणि मावशीचा गजर हे दोन्ही लिहून घेतले, तोंडात पुटपुटत दोन आणखी तपासण्या लिहिल्या आणि म्हणाल्या, फुटबॉल तूर्त बंद, गोळी आजपासून, मोबाइल आवाजावर ठेवायचा नाही. आदर्शने विचारले, तूर्त म्हणजे किती? त्या म्हणाल्या, ते आपण बघत जाऊ. त्याचा खालचा ओठ क्षणभर लहान मुलासारखा थरथरला. मग त्यांनी दाराकडे पाहिले आणि विचारले, सख्खी भावंडं किती?

राजनंदिनी आपण होऊन उठली.

अंगावर धातूचे काही ठेवू नकोस, असे मोनाने सांगितले. राजनंदिनीने पायांतले पैंजण काढले, हातातल्या बांगड्या काढल्या आणि आईच्या ओंजळीत ठेवल्या. पडदा ओढला गेला. सोमेशची नजर सवयीने यंत्राकडे वळली होती. कागदाचे टोक बाहेर येऊ लागले होते. त्याने मान वर केली आणि वर्षाराणींच्या चेहऱ्याकडे पाहिले, बराच वेळ, न लाजता. त्या पडद्याकडे पाहत होत्या. पैंजणांचा आवाज होऊ नये म्हणून त्यांनी दोन्ही मुठी इतक्या घट्ट आवळल्या होत्या की नखे पांढरी पडली होती.